मेजरची बढती आणि फाइलमध्ये न चढलेला फॉर्म : माझा अनुभव

अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमध्ये मी कॅप्टन होते, तेव्हाची ही गोष्ट. मेजरच्या बढतीसाठी माझी फाइल निवड मंडळापुढे गेली आणि काही महिन्यांनी पत्र आलं. शिफारस झालेली नाही. त्याखाली आणखी एक ओळ होती: मंडळाने पाहिलेल्या नोंदींत आवश्यक लष्करी शिक्षण पूर्ण केल्याचा पुरावा आढळला नाही.

शिक्षण तर मी मंडळ बसायच्या कितीतरी आधी पूर्ण केलं होतं. संताप आला, पण ती एक ओळ मिळाली हे नशीबच म्हणायचं. एरवी मंडळ ताकास तूर लागू देत नाही. आतल्या चर्चेची गुप्तता कायद्यानेच राखलेली असते. ज्यांची निवड होत नाही त्यांतले बहुतेक जण पुढची कित्येक वर्षं तर्क लढवत बसतात. अमुक साहेबांचा शेरा नडला असेल, तमुक वर्षीचं पोस्टिंग नडलं असेल. मला निदान काय शोधायचं ते माहीत होतं.

ज्यांना या व्यवस्थेची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. महिन्यातून एक ड्रिल वीकएंड आणि वर्षाकाठी साधारण दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, बाकी दिवस आपली नोकरी, असा रिझर्व्हचा मामला असतो. बढतीचे नियम मात्र अर्धवेळ नसतात. राखीव अधिकाऱ्यांच्या बढतीचा स्वतंत्र कायदा 1994 साली झाला आणि 1 ऑक्टोबर 1996 पासून लागू झाला. आर्मीची नियमावली 135-155 ही त्याच्यावर उभी आहे. मी ज्या नियमांखाली गेले त्यांत प्रत्येक हुद्द्याच्या दारात एक कोर्स होता. कॅप्टनसाठी शाखेचा पायाभूत अभ्यासक्रम आणि कॉलेजची पदवी, मेजरसाठी कॅप्टन्स करिअर कोर्स, लेफ्टनंट कर्नलसाठी कमांड अँड जनरल स्टाफ कोर्स निम्मा तरी, आणि कर्नलसाठी तो पूर्ण. मंडळ ज्या दिवशी बसतं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत हे पुरं झालेलं हवं. एक दिवस उशीर झाला तरी त्या मंडळापुरते तुम्ही अशिक्षित.

पूर्णवेळ अधिकाऱ्याला या कोर्ससाठी काही महिने सरळ पाठवून देतात. तेच त्याचं काम. आम्ही तोच कोर्स रात्री नोकरीवरून आल्यावर लॅपटॉपवर करतो आणि प्रत्यक्ष हजेरीचे दोन-दोन आठवड्यांचे टप्पे रजा टाकून उरकतो. 1994 च्याच दुसऱ्या एका कायद्यामुळे मालकाला रजा नाकारता येत नाही, हे खरं. पण पगारी रजा द्यायचं बंधन त्याच्यावर नाही, आणि तुमच्या वाटचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याचा चेहरा कुठल्या कायद्याने बदलत नाही. म्हणून कोर्स झाला याचा आनंद मोठा असतो. मला वाटलं होतं, सुटले.

कोर्स संपल्यावर डीए फॉर्म 1059, म्हणजे लष्करी शाळेचा मूल्यमापन अहवाल, मिळतो. दिसायला अगदी साधा. वर नाव, हुद्दा, कोर्सचं नाव, तारखा, मध्ये चौकटी, खाली शेरा आणि सही. हा फॉर्म तुमच्या कायमच्या इलेक्ट्रॉनिक फाइलमध्ये चढला, तर कोर्स झाला. नाही चढला, तर तुम्ही रात्री जागून काय केलं ते तुमच्यापाशी. अधिकारी तो स्वतः चढवत नाही. तो युनिटमधल्या अधिकृत माणसाकडे द्यायचा, त्याने पाठवायचा, आणि फाइल सांभाळणाऱ्या पलीकडच्या यंत्रणेने स्वीकारायचा.

इथेच घोडं पेंड खात होतं. कोर्सला नाव नोंदवलं गेलं तेव्हा माझं माहेरचं आडनाव होतं. मधल्या काळात लग्न झालं आणि लष्करी नोंदीत नवं आडनाव रीतसर लागलं. 1059 वर जुनंच छापून आलं. युनिटमधून फॉर्म पाठवला गेला, नाव जुळत नाही म्हणून परत आला, आणि परत आल्याची सूचना पाठवणाऱ्याच्या खात्यात जाऊन पडली. तो सार्जंट तोवर बदलून दुसऱ्या युनिटला गेला होता. माझ्यापर्यंत काही आलं नाही. मंडळाच्या आधी फाइल तपासायची मुदत उघडली तेव्हा मी पाहिलं, फॉर्म नाही. लगेच लिहिलं. उत्तर आलं, “पाठवला आहे, दोन-चार दिवसांत दिसेल.” पुन्हा लिहिलं. तेच उत्तर. मुदत संपली आणि मंडळ बसलं.

पत्र आल्यावर सगळ्यात आधी डोक्यात आलं ते दुसऱ्या वेळचं काय. पहिल्यांदा वगळलं गेलं तर पुढच्या मंडळाला पुन्हा नाव जातं. कॅप्टन दुसऱ्यांदा वगळला गेला की अहवाल मंजूर झाल्यावर सातव्या महिन्याच्या एक तारखेच्या आत त्याला सक्रिय यादीतून बाहेर काढायचं, हा कायदा. सेवेत ठेवून घेण्यासाठी वेगळी निवड होऊ शकते, आणि अठरा वर्षं भरलेल्यांना पेन्शनच्या वीस वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. मी अठराच्या आसपासही नव्हते.

आमच्याच भागातले एक निवृत्त लेफ्टनंट कर्नल आयुष्यभर कर्मचारी शाखेत होते. त्यांना फोन केला आणि माझी कैफियत सुरू केली: दोन मोहिमा, चांगले शेरे, मेजरच्या जागेवर मी आधीपासूनच काम करतेय... त्यांनी मध्येच थांबवलं.

“यातलं एक अक्षर अर्जात लिहू नकोस,” ते म्हणाले. “तू किती चांगली ऑफिसर आहेस हे तुला कोणी विचारलेलं नाही. मंडळापुढे काय असायला हवं होतं, काय नव्हतं, आणि ते नसण्यात तुझा हात होता का. बस.”

“पण सर, निवड गुणांवरच होते ना?”

“निवड गुणांवर होते. अपील कागदावर होतं.”

हे वाक्य तेव्हा कडू लागलं. पुढे जे काही केलं ते त्यावरच केलं.

मार्ग दोन असतात आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. पहिला म्हणजे विशेष निवड मंडळ, कायद्याचं कलम 14502. मूळ मंडळापुढे तुमची फाइल गेलीच नाही, किंवा गेली पण तिच्यात महत्त्वाची चूक होती, तर तुमच्यापुरतं हे मंडळ बसवता येतं. दुसरा मार्ग लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाचा, डीडी फॉर्म 149 भरून. त्याची हकिकत मला फार आवडते. पूर्वी एखाद्या सैनिकाची नोंद दुरुस्त करायची तर अमेरिकन काँग्रेसमध्ये त्याच्या नावाने खास विधेयक आणावं लागे. त्याला कंटाळून 1946 साली काँग्रेसने ते काम अंगावेगळं केलं आणि ही मंडळं आली. त्यावर सगळे सदस्य नागरी असतात. चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा, न्यायाच्या दृष्टीने गरज वाटली तर उशीर माफही होतो. पण ते शेवटचं दार आहे. आधीचे उपाय संपवल्याशिवाय तिथे जाऊन उपयोग नाही, आणि तिथली सुरुवात ‘कार्यालयाने सगळं नियमाप्रमाणेच केलं’ अशा गृहीतकाने होते. उलट सिद्ध करायचं ते तुम्ही. मी पहिल्या दारावर गेले.

नियमावलीत महत्त्वाच्या चुकीची उदाहरणं दिलेली आहेत. त्यांतलं एक वाचून मी खुर्चीत सरळ झाले: शिक्षणाच्या किंवा अन्य कारणाने अधिकारी अपात्र असल्याचं नोंदीत चुकीने दिसत होतं, प्रत्यक्षात तो पात्र होता. माझंच प्रकरण कोणीतरी आधी लिहून ठेवल्यासारखं. मात्र तिथेच जवळ दुसरी अटही आहे. वाजवी काळजी घेतली असती तर अधिकाऱ्याला जी चूक वेळेत सापडली आणि दुरुस्त करता आली असती, तिच्यासाठी विशेष मंडळ नाही. बहुतेक अर्ज इथे पडतात असं माझं मत झालं आहे. फाइल तुमची, तपासायची जबाबदारी तुमची, क्लार्कने हलगर्जी केली एवढं म्हणून भागत नाही. मला हा नियम कठोर वाटतो, आणि रिझर्व्हच्या बाबतीत थोडा अन्यायाचाही. ज्या माणसाला लष्करी संगणक महिन्यातून दोन दिवस नीट मिळतो त्याला आणि रोज त्याच्यासमोर बसणाऱ्याला एकच माप लावलं जातं.

म्हणून माझ्या अर्जाचा मुख्य भाग फॉर्म नव्हताच, ईमेल होते. फॉर्म मिळाल्याच्या आठवड्यात युनिटला पाठवलेली मेल. मुदत उघडल्यावर ‘1059 दिसत नाही’ असं लिहिलेली मेल. तिची उत्तरं. नाव बदलल्याचा आदेश, तारखेसह. आणि सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे फॉर्म नाकारला गेल्याची ती सूचना. ती ज्या सार्जंटच्या खात्यात पडून होती त्याला मी नव्या युनिटमध्ये गाठलं. बिचाऱ्याने हात वर केले नाहीत. जुनी सूचना शोधून काढली आणि हा सगळा क्रम लिहून, सही करून दिला. तेवढ्यात कोर्सच्या शाळेकडून दुरुस्त आडनावाचा फॉर्म मागवला. त्यावर कोर्स संपल्याची मूळ तारीख तशीच राहील याकडे मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं, कारण नव्या फॉर्मवर नवी तारीख पडली असती तर मंडळाच्या दिवशी मी पात्र होते हेच कोसळलं असतं.

अर्ज एका पानाचा. चूक, पुरावा, मी केलेला पाठपुरावा, मागणी. विशेषणं शून्य.

माझ्या ओळखीच्या एका कॅप्टनचं प्रकरण वरवर माझ्यासारखंच होतं. तो मोहिमेवर होता आणि कोर्स खरोखरच अपुरा राहिला होता. त्याच्या फाइलमध्ये चूक नव्हतीच, ती खरंच बोलत होती. त्याला आधी शिक्षणाच्या अटीतून सूट मागावी लागली. त्याने माझा अर्ज नमुना म्हणून मागितला तेव्हा मी दिला, पण त्यातलं त्याच्या उपयोगाचं फार थोडं होतं.

मग ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’. ही म्हण रचणारा माणूस आशावादी होता एवढंच म्हणते. मधल्या काळात ड्रिल चालूच. माझ्याबरोबरचे मेजर झाले होते आणि मी त्यांना सर, मॅडम म्हणत होते. ते काही फारसं बोचलं नाही. बोचलं ते हे की पुढचं नियमित मंडळ जवळ येत चाललं होतं. त्यासाठी मात्र मी वाट बघत बसले नाही. दुरुस्त फॉर्म फाइलमध्ये चढल्याचं डोळ्यांनी पाहिलं, आणि मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहून तोच फॉर्म सोबत जोडायची तयारी ठेवली. असं पत्र लिहायचा हक्क कायद्याने प्रत्येक पात्र अधिकाऱ्याला दिलेला आहे आणि तो फार कमी जण वापरतात. फॉर्म वाटेत अडकला असेल तर मंडळाच्या टेबलापर्यंत जाणारी ती दुसरी वाट आहे.

ते पत्र पाठवायची वेळ आली नाही, विशेष मंडळ आधी मंजूर झालं. ते कसं चालतं हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. तुमची फाइल मूळ मंडळाच्या दिवशी जशी असायला हवी होती तशी पुन्हा मांडतात, नंतर मिळवलेलं काही त्यात घालत नाहीत. मग ती त्या वेळी निवडल्या गेलेल्या आणि न निवडल्या गेलेल्या अधिकाऱ्यांच्या नमुना फायलींशी ताडून पाहतात. माझ्यासारख्या प्रकरणात तिथे निवड झाली नाही तरी ते दुसरं अपयश धरलं जात नाही. हे आधी कळलं असतं तर थोडी झोप जास्त मिळाली असती.

निवड झाली. राखीव दलात लेफ्टनंट कर्नलपर्यंतच्या नेमणुका राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारात होतात, सिनेटकडे जात नाहीत, त्यामुळे तो एक थांबा वाचला. मेजरच्या जागेवर मी आधीच होते, म्हणून रिकामी जागा शोधत फिरावं लागलं नाही. हुद्द्याची तारीख मूळ मंडळाने निवडलं असतं तर जी मिळाली असती तीच लागली, आणि पगारही तेव्हापासूनचा.

रिझर्व्हमध्ये हा मागचा फरक म्हणजे हजेरी लावलेल्या प्रत्येक ड्रिलच्या दरातली तफावत. एका वीकएंडला चार ड्रिल धरतात, त्यामुळे हिशोबाची यादी लांबलचक झाली. पैसे तुकड्यातुकड्यांनी आले, आणि त्यातला एक तुकडा नेमका कोणत्या वीकएंडचा हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही.