एमएक्सएम कार्ड बदल, भाग 3: कार्ड बसलं, हीटसिंक रुसला

माझ्या लॅपटॉपमधलं क्वाड्रो के3000एम हे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड काढून त्या जागी क्वाड्रो एम3000एम बसवलं. दोन्ही 75 वॅटची, म्हणूनच ही जोडी निवडली होती. केप्लर या जुन्या पिढीच्या 576 कोरवरून मॅक्सवेल या पुढच्या पिढीच्या 1024 वर, मेमरी 2 जीबीवरून 4, आणि उष्णता कागदावर तरी तेवढीच. (लॅपटॉप 2012 सालचं 17 इंची वर्कस्टेशन. कंपनीचं नाव लिहिलं की गप्पा कार्ड सोडून कंपनीवरच घसरतात, म्हणून लिहीत नाही.)

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डपासून सुटं ठेवायचं हे एमएक्सएम मानक एनव्हिडियाने 2004 मध्ये आणलं. आता हाताशी येतात ती बहुतेक 3.0 आवृत्तीची. टाइप ए 82 बाय 70 मिमी, टाइप बी 82 बाय 105. माझं बी. पाटीचा आकार, कनेक्टर, स्क्रूची भोकं ठरलेली. पण मेमरीच्या चिप नेमक्या कुठे आणि पॉवरच्या कॉइल किती उंच, हे कार्डागणिक बदलतं. जुना हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) नव्या कार्डावर बसतो खरा, पण टेकतोच असं नाही.

माझी चूक अशी, की जुने थर्मल पॅड (चिप आणि हीटसिंकमधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले म्हणून सगळीकडे सरसकट 1.5 मिमीचे लावले. म्हटलं, जाड म्हणजे चांगलंच. लॅपटॉप सुरू झाला, चित्र आलं, मी खूश. फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारा चाचणी प्रोग्राम) लावलं आणि तिसऱ्या मिनिटाला 94 अंश, क्लॉक म्हणजे चिपचा वेग धाडकन खाली. पॅडांनी हीटसिंकची तांब्याची पाटी उचलून धरली होती आणि मुख्य चिपवर थर्मल पेस्टचा नुसता ठिपका उमटला होता.

मग लेकीची खेळायची क्ले मागून घेतली. कार्डावर पातळ प्लास्टिक, त्यावर चिप आणि कॉइलच्या जागी क्लेच्या गोळ्या, वर हीटसिंक ठेवून स्क्रू पूर्ण आवळले. उघडून प्रत्येक गोळीची जाडी व्हर्नियरने मोजली. मेमरीवर साधारण 0.5 मिमी, कॉइलवर 1 च्या आसपास. हे सगळं खोलीतला पंखा बंद करून, कारण पॅडचे कपटे उडतात. जुलैची मुंबई, कपाळावरचा घाम पाटीवर पडू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधला. बायकोने फोटो काढला, तो इथे टाकणार नाही.

पॅडसाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. चौथ्या दुकानात दोन्ही जाडीचे मिळाले. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, एवढ्यात सेकंडहँड डेस्कटॉप आला असता.’’ आला असता, खरंय.

आता अर्धा तास फरमार्कवर 78 अंशांच्या वर जात नाही.

ड्रायव्हरने एक संध्याकाळ खाल्ली. इन्स्टॉलर लॅपटॉपचा सबसिस्टम आयडी (मॉडेल ओळखायचा क्रमांक) बघतो, आणि या लॅपटॉपमध्ये हे कार्ड कधी आलंच नव्हतं. ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये, जिथे चालणाऱ्या कार्डांची यादी असते, एक ओळ वाढवली. फाइलला हात लावला की ड्रायव्हरची डिजिटल सही मोडते, म्हणून विंडोज सही-तपासणी बंद करून सुरू केलं, मग बसला.

बाकी राहिलंय ते पंख्याचं. नव्या कार्डाचं तापमान लॅपटॉपला कळत नाही, पंखा फक्त सीपीयूकडे बघून फिरतो. तोवर हाताने फुल स्पीड. रात्री शेजारच्या खोलीत ऐकू जातो.