शिंपल्याची खिडकी

जेवणं आटोपली होती. सुतार ओट्यावर बिडी ओढत बसला होता आणि मी त्याने उतरवून ठेवलेल्या झडपेकडे बघत होते. गोव्यातल्या आमच्या म्हार्दोळच्या घरातली शिंपल्यांच्या तावदानांची ही शेवटची खिडकी. बाकीच्या कधीच सरकत्या काचेच्या झाल्या. लाकूड वाळवीने पोखरलेलं, शिंपले मात्र तस्सेच.

"हीं आतां मेळनात, बाय," सुतार म्हणाला.

जुवारी नदीच्या तोंडाशी, चिखलीच्या खाडीत, हे शिंपले अजून आहेत. पण त्यांना हात लावायला कायद्याने मनाई आहे. बरंच आहे म्हणा.

मला ती सरकती काच मुळीच आवडत नाही. दुपारचं ऊन तिच्यातून सरळ अंगावर येतं. शिंपल्यातून यायचं ते आधी ताकात घुसळून काढल्यासारखं. मे महिन्यात आम्हा पोरांना सक्तीने त्या खिडकीखाली झोपवायचे. झोप कुणाला येते? मी नखाने तावदानाच्या कडेचे पापुद्रे सोलायचे. अभ्रकासारखे पातळ, एकाखाली एक, संपतच नसत. आजीला अर्धवट झोपेतही ते कळायचं. "खिडकी खाऊ नको गं!"

अशाच एका दुपारी आतेभावाने तोरं पाडायला खडा मारला. आंबा हलला नाही, खडा खिडकीवर. आम्ही दोघं श्वास रोखून उभे. 'खळ्ळ' असं काही ऐकूच आलं नाही, नुसतं 'टप्प'. तावदानावर चार आण्याच्या नाण्याएवढा पांढरा ठिपका उमटला, बस्स. काच असती तर त्या दिवशी पाठी सुजल्या असत्या.

तो ठिपका पुढे कितीतरी वर्षं माझ्या डोक्यात होता. मग कुठेतरी वाचलं की अमेरिकेतल्या एमआयटीतल्या लोकांनी 2014 साली नेमका हाच उद्योग केला होता, फक्त खड्याऐवजी हिऱ्याच्या सुईने. हा शिंपला वजनाने 99 टक्के कॅल्साइट, म्हणजे संगमरवराचंच खनिज; उरलेला एखादा टक्का सेंद्रिय चिकटा. पण थर इतके बारीक की केसाच्या जाडीत दीड-दोनशे सहज मावावेत. टोक रुतलं की स्फटिकातले कण जागच्या जागी कूस बदलतात, थरांमधला चिकटा ताणला जातो, आणि तडा तिथल्या तिथेच जिरतो. नुसत्या कॅल्साइटपेक्षा जवळजवळ दहापट मार तो पचवतो. प्रकाश मात्र बहुतेक सगळा आरपार.

गंमत पुढेच आहे. आमच्या भिंतीचा चुनाही शिंपले भाजूनच केलेला. भाजला, विरवला, भिंतीला लावला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू पुन्हा कॅल्साइटच होतो. म्हणजे भिंत आणि खिडकी एकाच खनिजाची. तरी दर पावसाळ्यात भिंतीचे पोपडे सुटतात, बोट लावलं तर भुगा हातात येतो. आणि ही बया शंभरेक मिरग खाऊन माझी नखंसुद्धा झेलते. भिंत आम्ही केली, खिडकी त्या चिखलातल्या जिवाने. भाजताना आम्ही त्याची सगळी रचना मोडली आणि वर पुन्हा पांढरा रंग दिला!

सुताराने बिडी विझवली. "उडोवं?" त्याने विचारलं. टाकू नकोस म्हटलं. ठिपक्याचं तावदान खाचेतून अलगद ओढून घेतलं, उन्हात धरलं आणि फोटो काढून आतेभावाला पाठवला. तो आता आजोबा झालाय. दुपारचा झोपलेला असेल असं वाटलं होतं. पण उत्तर लगेच आलं:

"खडा तू मारला होतास. मी फक्त मार खाल्ला."