लोकल वेळापत्रक अ‍ॅप, सहावा आठवडा: एक इंटरफेस, तीन लाइन

या आठवड्यात नवीन स्क्रीन एकही झाली नाही. सगळा वेळ डिपेंडन्सी इंजेक्शनमध्ये (कोडच्या एका भागाला लागणारा दुसरा भाग बाहेरून पुरवायची पद्धत) गेला, पण महिनाभर सतावणारा घोळ सुटला.

मांडणी अशी: ‘आयवेळापत्रक’ हा एक इंटरफेस, म्हणजे काय काम करायचं याची फक्त रूपरेषा. ते काम प्रत्यक्ष करणारे तीन क्लास: वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर. तिन्ही ‘अ‍ॅडसिंगलटन’ने (प्रत्येक नोंदीचा अख्ख्या अ‍ॅपसाठी एकच ऑब्जेक्ट, म्हणजे सिंगलटन) याच क्रमाने रजिस्टर केले होते. आम्ही गोरेगावचे, इथून वेस्टर्न आणि हार्बर दोन्ही गाड्या सुटतात. शनिवारी खालच्या मजल्यावरच्या काकांना अ‍ॅप वापरून बघायला दिलं. पाच मिनिटांत हाक आली, “अगं, मी चर्चगेट मागतोय आणि हे मला वडाळ्याला नेतंय!”

कारण डॉट नेटच्या (मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅमिंग प्लॅटफॉर्म) कंटेनरचा, म्हणजे रजिस्टर केलेले क्लास मागितल्यावर पुरवणाऱ्या भागाचा, नियम. एकाच इंटरफेसवर कितीही क्लास रजिस्टर करा, आधीचे पुसले जात नाहीत. मात्र एकच मागितला की शेवटचा मिळतो. माझा शेवटचा हार्बर. एरर नाही, वॉर्निंग नाही, म्हणून शोधायला वेळ लागला. ओळींचा क्रम बदलून काम भागवायचा मोह मी टाळला. उद्या कोणी खाली एक ओळ वाढवली की पुन्हा तेच.

“गोरेगावहून पुढची कुठलीही गाडी” यासाठी उत्तर सोपं निघालं. कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) एकाऐवजी ‘आयइन्यूमरेबल’, म्हणजे सगळ्यांची यादी, मागितलं की तिन्ही मिळतात, रजिस्टर केलेल्या क्रमाने.

“फक्त वेस्टर्न” हवी असेल तेव्हा मात्र नाव लागतं. डॉट नेट 8 मध्ये त्यासाठी कीड (keyed) सर्व्हिसेस आल्या, म्हणजे प्रत्येक नोंदीला ओळखीचं नाव, ‘की’ (key): ‘अ‍ॅडकीडसिंगलटन’ने की देऊन रजिस्टर करायचं आणि पॅरामीटरवर ‘फ्रॉमकीडसर्व्हिसेस’ लावून तीच की मागायची. दादरला पूर्वी एक नंबर प्लॅटफॉर्म वेस्टर्नलाही होता आणि सेंट्रललाही. डिसेंबर 2023 पासून वेस्टर्नचे 1 ते 7, सेंट्रलचे 8 ते 14. मला की वापरताना सारखं तेच आठवत होतं.

इथे एक खाच आहे, तिने माझा अख्खा रविवार घेतला. की देऊन रजिस्टर केलेले क्लास साध्या ‘आयइन्यूमरेबल’मध्ये येतच नाहीत. यादी रिकामी, आणि रिकाम्या यादीबद्दल कंटेनर तक्रारही करत नाही. मग मी तेच क्लास कीशिवाय पुन्हा रजिस्टर केले. यादी भरली, पण लॉगमध्ये वेळापत्रकाच्या फाइली तीनऐवजी सहा वेळा वाचलेल्या दिसल्या. दोन नोंदी म्हणजे दोन वेगळे सिंगलटन! शेवटी साध्या नोंदीत क्लासचं नाव न देता लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) दिला, जो ‘गेटरिक्वायर्डकीडसर्व्हिस’ने कीवालाच ऑब्जेक्ट आणून देतो. आता वाचन तीनच.

अशीच रचना कोणी करत असेल तर ‘ट्रायअ‍ॅडसिंगलटन’ जपून वापरा. त्या इंटरफेसवर आधीची नोंद असली की तो नवीन क्लास गुपचूप सोडून देतो.

रात्री काकांनी पुन्हा चर्चगेट विचारलं. वेस्टर्नची गाडी आली. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर आता पुढच्या आठवड्यात, चौथी की घेऊन.