अकोल्याचा मे महिना आणि वायफायचा डबा

आमचे घर अकोल्यात आहे आणि तेही सर्वांत वरच्या मजल्यावर, म्हणजे थेट स्लॅबखाली. गेल्या मे महिन्यात रोज दुपारी एक-दीडच्या सुमारास इंटरनेट बंद पडू लागले, तेव्हा मी सेवा पुरवणाऱ्या कंपनीला दोष देत तक्रारींवर तक्रारी नोंदवल्या. वायफायच्या डब्यावरचा, म्हणजे राउटरवरचा, ‘पॉन’चा (जोडणी शाबूत असल्याचा) हिरवा दिवा मात्र स्थिर असे, फायबर, म्हणजे इंटरनेट आणणारी काचेची बारीक तार, तुटली असती तर ‘एलओएस’चा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागला असता, ही साधी गोष्ट ध्यानात यायला मला आठवडा लागला. डबा बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी सुरू केला की तो तासभर नीट चाले आणि मग पुन्हा मान टाके. बिघाड जर घड्याळ पाहून येत असेल आणि विश्रांतीने बरा होत असेल, तर तो बहुधा उष्णतेचाच असतो.

डबा टीव्हीच्या लाकडी कपाटात, काचेच्या दाराआड, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला होता आणि त्यावर आईने विणलेले क्रोशाचे कव्हर होते. त्याच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे लिहिलेले आहे, म्हणजे तो जास्तीत जास्त १२ वॉट वीज पुरवतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण डब्यात शिरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते आणि ती दिवसरात्र होत राहते. सोबतच्या पत्रकात वापराची मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस अशी छापलेली आहे. ज्या गावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तिथे बंद कपाटाच्या आत काय होत असेल, हे मी तार असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर आत सोडून पाहिले. खोलीत ३७ अंश होते आणि कपाटात ५१.

यावर उपाय म्हणून मी प्रथम कपाटात यूएसबीवर चालणारा पंखा बसवला, आणि तो शुद्ध मूर्खपणा ठरला. बंद जागेत पंखा तीच तापलेली हवा गरगर फिरवतो, शिवाय स्वतःच्या मोटारीची उष्णता तीत मिसळतो. राउटरच्या तळाशी आणि माथ्याशी जी छिद्रे असतात, त्यांचे काम पंख्याविनाच चालते: तापलेली हवा वरून निघून जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा आत येते. त्यासाठी डबा उभा असावा आणि त्याच्या चहूबाजूंनी निदान वीतभर जागा मोकळी असावी, एवढीच अट आहे. छिद्रांत साचलेली धूळ मऊ ब्रशने काढली, तेव्हा तिचा अक्षरशः नमदा निघाला.

मग डबा भिंतीवर टांगला, परंतु भिंत पश्चिमेची निवडली. दिवसभर तापलेली विटांची भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, त्यामुळे दुपारचा बिघाड आता संध्याकाळी येऊ लागला. अखेर तंत्रज्ञाला बोलावून फायबर उत्तरेच्या भिंतीवर आणवली, कारण ती तार आपण ओढूनताणून वळवली तर आतली काच मोडते. डबा छताजवळ न लावता जमिनीपासून चार फुटांवर लावला, कारण स्लॅबखालचा थर हा खोलीतला सर्वांत गरम थर असतो. कूलरच्या झोताची दिशाही मुद्दाम टाळली. त्या झोताने गारवा मिळतो हे खरे, पण त्याबरोबर ओल आणि क्षारांचे तुषारही येतात.

अडॅप्टर आणि वीज गेल्यावर चालणारा छोटा यूपीएस यांच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. अडॅप्टरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे, म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या छोट्या भागाचे, आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. आमच्या जुन्या अडॅप्टरमधला कपॅसिटर दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवला, तेव्हा तो पुरीसारखा फुगलेला होता. यूपीएसमधील लिथियम-आयन सेल साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, म्हणून तो मी राउटरपासून दूर, खालच्या फळीवर उघडा ठेवला आहे.

चार फुटांवर लावल्यास आतल्या खोलीत रेंज कमी मिळेल, असे तंत्रज्ञाने बजावले होते आणि ते खरे ठरले. त्या खोलीत आता व्हिडिओ अधूनमधून अडखळतो. क्रोशाचे कव्हर मिक्सरवर गेले आहे आणि आईचा त्याबद्दलचा राग अजून उतरलेला नाही.