डिग्री नसताना कॅज्युअल्टीत नर्स: जीएनएमपासून इमर्जन्सीपर्यंत माझा अनुभव

बारावीनंतर मी बी.एस्सी. नर्सिंगला गेले नाही. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं आणि कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या अपघात विभागात, लागले. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मुली नेहमी विचारतात, "ताई, डिग्री नाही तर इमर्जन्सीत घेतात का?" घेतात. त्यासाठी लागते ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आणि ती डिप्लोमावरही मिळते.

म्हणून पहिली खबरदारी प्रवेशाच्या वेळीच घ्या. "सहा महिन्यांत नर्स व्हा" असे फलक तालुक्याच्या गावीही दिसतात. असल्या बेडसाइड कोर्सवर कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही. पैसे आणि वर्ष दोन्ही जातं आणि शेवटी हाती मदतनिसाचं काम येतं. खरे डिप्लोमा दोनच: एएनएम दोन वर्षांचा आणि जीएनएम तीन वर्षांचा. एएनएमचा रोख उपकेंद्र, लसीकरण आणि बाळंतपण यांवर असतो. इमर्जन्सीत जायचं ठरलेलं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, जीएनएमच करा. बारावी कला शाखेतून झाली असली तरी चालते. इंग्रजी विषय हवा, एकूण 40 टक्के हवेत आणि वय 17 ते 35 मध्ये बसलं पाहिजे. एएनएम आधीच झालं असेल तर नोंदणी करून पुढे जीएनएमला जाता येतं.

संस्था निवडताना इमारत पाहू नका. इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि राज्याची मान्यता यंदाच्या वर्षाची आहे का ते पाहा, आणि पोस्टिंग (शिकताना सरावाची ड्युटी) कुठल्या रुग्णालयात होते ते आधीच्या बॅचच्या मुलींना विचारा. खाटा कागदावर असल्या आणि पेशंट नसले, तर तीन वर्षांत हातात सुईही नीट बसत नाही. राखीव जागेवर जाणार असाल तर जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच टाका. आपल्याकडे बऱ्याच मुलींची गाडी तिथेच अडते, कारण आजोबांच्या शाळेचा दाखला काढायला जुन्या गावी जावं लागतं आणि नावात एका अक्षराचा फरक निघाला की पुन्हा प्रतिज्ञापत्र आलं.

पास झाल्यावर नोंदणी लगेच करा. जीएनएमवाल्यांची नोंद नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही होते. दहावीचा दाखला, आधार आणि डिप्लोमा या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. 108 च्या गाडीवर काम मिळेल असं बऱ्याच जणींना वाटतं, पण आपल्या राज्यात त्या गाडीवर डॉक्टर असतो. नर्ससाठी इमर्जन्सीचं दार म्हणजे कॅज्युअल्टी. मुलाखतीआधी बीएलएसचं (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवायच्या प्राथमिक उपचाराचं) प्रशिक्षण करून घ्या. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, 30 दाबांमागे 2 श्वास, हे पाठ असून भागत नाही. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची आणि दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. थकलेला माणूस कमी खोल दाबतो आणि त्याला ते कळत नाही.

ड्युटीवर आल्या आल्या आधी क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची आणि उपकरणांची ट्रॉली) तपासायची. लॅरिंगोस्कोपचा (घशात नळी घालताना वापरायच्या दिव्याचा) बल्ब लावून पाहा, सक्शन सुरू करून नळी बोटाने दाबून ओढ बघा, डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक द्यायचं यंत्र) चार्जिंगला आहे ना ते बघा. मोठ्या अपघाताला हिरवं 18 नंबरचं किंवा राखाडी 16 नंबरचं इंट्राकॅथ (शिरेत लावायची नळी), दोन्ही हातांना एकेक. गुलाबी 20 नंबरवर रक्त वेगाने चढत नाही. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी 10 मिनिटांच्या आत निघाला पाहिजे. ईसीजीतली लीड वन ही रेघ उलटी दिसली तर घाबरण्याआधी डाव्या-उजव्या हाताच्या वायरी अदलाबदल झाल्यात का ते बघा. नव्या मुलींची ही नेहमीची चूक.

खान्देशात कॅज्युअल्टी म्हणजे पावसाळ्यात साप आणि कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत विषबाधा. या दोन गोष्टी आपल्या नर्सला इतरांपेक्षा चांगल्या आल्या पाहिजेत.

सापाच्या पेशंटची 20 मिनिटांची रक्तचाचणी नर्सच्या हातात असते. साधारण 2 मिली ताजं रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरपं करायचं. रक्त गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं समजतात. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि नको त्याला सर्पविषावरची लस जाते. म्हणून नव्या नळ्यांचा डबा वेगळा ठेवा. सर्पविषावरच्या लसीच्या भुकटीची कुपी 10 मिली स्टराइल वॉटरमध्ये हळू फिरवून विरघळवायची. झटकली तर फेस होतो. सुरुवातीला बहुधा 10 कुप्या तासाभरात जातात. लस सुरू करण्याआधी ॲड्रेनलिन (लसीची रिॲक्शन आली तर द्यायचं इंजेक्शन) 0.5 मिली सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवा. अंगावर गांध्या उठल्या, धाप लागली, तर लस थांबवून डॉक्टरांना हाक मारा. ॲड्रेनलिन मांडीच्या स्नायूत द्यायचं असतं. मण्यार चावल्याची खूण बहुतेक वेळा दिसतच नाही. पहाटे पोट दुखतंय म्हणून आलेल्या, जमिनीवर झोपणाऱ्या माणसाच्या पापण्या जड झाल्यात का ते आधी बघा. गावाहून घट्ट बांधून आलेली दोरी एकदम सोडायची नाही. आधी शिरेत इंट्राकॅथ लावायचं, डॉक्टर जवळ हवेत.

फवारणीच्या विषबाधेत नर्सने आधी स्वतः हातमोजे आणि ॲप्रन घालायचा, मगच पेशंटला हात लावायचा. कपडे काढून पिशवीत बंद करा. केस आणि नखांसकट साबणाने अंग धुवा, नाहीतर ॲट्रोपिन (या विषावरचं इंजेक्शन) चालू असतानाही कातडीतून विष आत जातच राहतं. एका अँप्युलमध्ये 0.6 मिलिग्रॅम ॲट्रोपिन असतं, म्हणजे 3 मिलिग्रॅमची ऑर्डर आली तर 5 अँप्युल. फरक पडला नाही तर डॉक्टर दर 5 मिनिटांनी मात्रा दुप्पट करायला सांगतात, तेव्हा साठा मोजून ठेवलेला असला पाहिजे. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून ॲट्रोपिन थांबवायचं नसतं. छातीतली घरघर गेली का ते स्टेथोस्कोप लावून ऐका आणि प्रत्येक वेळ चार्टवर लिहा.

पेशंट अहिराणीत बोलतो. "दादा, काय व्हयनं? कोठे दुखी ऱ्हायनं?" एवढं विचारलं तरी माणूस मोकळा बोलतो आणि किती वाजता चावलं, कुठलं औषध मारत होते, हे खरं कळतं. धडगाव, अक्कलकुव्याकडून आलेल्यांसाठी भिली किंवा पावरी बोलणारी मावशी नाहीतर वॉर्डबॉय जवळ ठेवा. तिकडच्या तरुण पोरांचे हातपाय कमालीचे दुखत असतील तर सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का हे विचारायला विसरू नका.

पेशंट पुढे पाठवताना ऑक्सिजनचं गणित करा. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1,500 लिटर असतात. मिनिटाला 10 लिटर लावले तर अडीच तास, अर्ध्या सिलिंडरवर सव्वा तास. घाटाचा रस्ता आणि लागणारा उशीर धरून दुसरा सिलिंडर गाडीत टाका. सिलिंडरची किल्ली सोबत घ्या. ती हमखास राहते.

वर्षभराने इमर्जन्सी अँड डिझास्टर नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी.ही आहेच. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला जीएनएमवाल्यांकडून किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणून नोकरी सोडताना अनुभवपत्रावर विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख आणि खाटांची संख्या लिहून घ्या. नंतर मागायला गेलं की सही करणारी मॅट्रन (मुख्य नर्स) बदललेली असते.