सोलापूरच्या उन्हाळ्यात एरेशन टाकी सांभाळताना

टॉवेलच्या रंगाईचं सांडपाणी एरेशन टाकीत हवा देऊन जिवाणूंकडून साफ करून घेणारा जैविक प्लान्ट सोलापूरच्या उन्हाळ्यातून पार काढायचा, तर तयारी फेब्रुवारीअखेर सुरू करावी लागते. पारा ४२ च्या वर गेल्यावर करण्यासारखं फार उरत नाही.

२० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशांना जेमतेम ७. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, त्यामुळे इथे त्याहून थोडा कमीच. उलट दहा अंशांनी तापमान वाढलं की जिवाणूंची भूक जवळपास दुप्पट होते. उन्हाने जीव मेले असं सगळे म्हणतात. माझ्या मते ते आधी गुदमरतात.

म्हणून गाळ, म्हणजे टाकीतले हे जीवच, कमी करत आणायचा. हिवाळ्यात ३५०० ला ठेवलेला एमएलएसएस (टाकीतल्या दर लिटरमागचा गाळ, मिलिग्रॅममध्ये) मार्चअखेर २५०० पर्यंत उतरवतो, पण रोजच्या गाळ काढण्यात एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त फरक करत नाही. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि तो पहाटे नाही, भर दुपारी मोजायचा. टाकीत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचा एअर फिल्टर धुळीने लवकर चोंदतो, तो दर आठवड्याला झटकायचा. ब्लोअरच्या पाइपला हात लावला तर चटका बसतो, पण तेवढ्याने टाकी फारशी तापत नाही. टाकी तापते ती रंगाईचा गरम बाथ थेट सोडल्याने. तो आधी इक्वलायझेशन टाकीत, म्हणजे सगळं पाणी एकत्र मिसळतं त्या टाकीत, मुरू द्यायचा आणि एरेशनच्या तोंडाशी ३८ च्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही. हळूहळू वाढलेलं तापमान हे जीव सोसतात, एकदम बसलेला झटका नाही.

बीओडीचा (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचा) रिपोर्ट २७ अंशांवर तीन दिवस ठेवल्यावर येतो. तोवर टाकी बिघडून मोकळी. त्यामुळे भरवसा मायक्रोस्कोपवर. एरेशन टाकीतल्या पाण्याची बाटली अर्धीच भरायची, वर हवा राहू द्यायची, सावलीत न्यायची आणि अर्ध्या तासात बघायची. एक थेंब, कव्हर स्लिप, १०० पट. देठावरच्या व्हॉर्टिसेला, गाळाच्या कणांवर तुरुतुरु चालणारे अ‍ॅस्पिडिस्का आणि अधूनमधून रोटिफर हे सूक्ष्मजीव दिसले, की समजावं टाकी ठीक आहे. ऑक्सिजन कमी पडला की व्हॉर्टिसेलाच्या तोंडाशी फुगा येतो, मग डोकं देठ सोडून पोहत निघून जातं आणि नुसते देठ उरतात. फुगे दिसले त्याच दिवशी हवा वाढवायची. उन्हात तापलेल्या बाटलीतही हेच दिसतं, म्हणून शंका आली तर ताजा नमुना. नुसते बारीक फ्लॅजेलेट (शेपटीने पोहणारे एकपेशीय जीव) वळवळताना दिसले आणि वरचं पाणी गढूळ असलं, तर गाळाचे गोळे फुटलेत. मग सावरायला आठवडे जातात. रोटिफर सगळ्यात शेवटी परततात, कारण त्यांना जुना गाळ लागतो.

आणखी एक फसवं लक्षण. लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या तासात गाळ छान बसतो, पण दीड-दोन तासांनी गठ्ठ्याने वर येतो. ऑपरेटरला वाटतं गाळ सडला. खरं तर गरमीत नायट्रेट जास्त बनतं, क्लॅरिफायरच्या (एरेशननंतर गाळ खाली बसवणाऱ्या टाकीच्या) तळाशी त्याचा नायट्रोजन वायू होतो आणि बुडबुडे गाळाला उचलतात. तळाचा गाळ एरेशनमध्ये परत नेणारा रिटर्न स्लजचा पंप वाढवला, जास्त गाळ काढून त्याचं वय उतरवलं की बहुधा थांबतं. गाळ बसवायचं पॉलिमर ओतून काही होत नाही.

दिवाळीनंतर रात्री गार व्हायला लागल्या की हेच उलटं, एमएलएसएस पुन्हा चढवत न्यायचा.