चर्चच्या खाली देऊळ सापडलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गोव्यात सासष्टीतल्या एका गावात चर्चचं आवार आणि भोवतालचा जुना वाडा, म्हणजे वस्तीची जागा, आम्ही पुरातत्त्वासाठी खणतो आहोत हे कळलं, की पहिला प्रश्न हाच येतो.

प्रश्न रास्त आहे. १५६७ मध्ये पोर्तुगिजांनी सासष्टीत देवळं पाडली. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा त्याच काळात अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, गेली. आमच्या घरात ती आठवण अजून सांगतात. पण चर्चच्या जमिनीखालून उत्तर मिळणं कठीण. पूर्वी माणसांना चर्चच्या आतच पुरत. त्याच त्या जागी खड्डे पडत गेले की थर मिसळतात, खालची खापरी वर येते, वरचं नाणं खाली जातं. भिंतीत कोरीव दगड दिसला तरी तो तिथल्याच देवळाचा असेल असं नाही. घडवलेला दगड कोण टाकून देतो? लांबूनही आणून बसवतात. जोतं जागच्या जागी दिसलं तरच मी देऊळ म्हणेन. चांदरच्या कोटात तसं दिसलं: इतिहास संशोधक फादर हेरास यांनी १९२९ मध्ये खणून देवळाचा पाया उघडा केला.

आमचं खरं घबाड बाहेर, माडांच्या भाटात, म्हणजे बागेत, आहे. वर मंगळुरी कौलांचे तुकडे, म्हणजे १८६५ नंतरचे. मंगळुरात तो कारखानाच तेव्हा निघाला. त्याखाली नळे, म्हणजे जुनी अर्धगोल कौलं, आणि निळ्या नक्षीच्या चिनी बशीचा काठ. मग काळपट माती, तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, कवचांनी गच्च भरलेली. तिच्यात मडक्याचं बूड मिळालं, बाहेरून काजळी धरलेलं. आमच्याबरोबर खणणाऱ्या मावशींनी ते हातातही न घेता सांगितलं, "हें निस्त्याचें कुंडलें." म्हणजे माशांच्या कालवणाचं मडकं.

आता नीट बघा. चर्चच्या आवाराच्या भिंतीसाठी खणलेली चर या काळ्या थराला कापून खाली गेली आहे. म्हणजे भिंत उठण्याआधी इथे चूल पेटत होती, तिसऱ्या शिजत होत्या. कुठल्या देवाला नमस्कार करून ती माणसं जेवायला बसत, ते खापरी सांगत नाही. वस्ती आधीची, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगते. किती आधीची, ते थरातल्या कोळशाच्या तपासणीवरून ठरेल.

म्हणूनच भाटात जेसीबी फिरला की जीव तुटतो. चर्च कुणी पाडत नाही, हा थर मात्र एका दुपारीत जातो. घराचा पाया खणताना शिंपले आणि खापऱ्या एकत्र लागल्या तर धुऊन ओट्यावर मांडू नका. जिथे आहेत तिथेच राहू द्या, फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.